नाव कापायचं नाही, पोरी

प्रिय पोरी,

काल रात्री साडेअकराला तू हजेरीपत्रकाचा फोटो पाठवलास, २३ पैकी ११ ओळी कोऱ्या, आणि खाली एवढंच, "बाई, काय करू?" झोपच लागली नाही बघ मला. त्या कोऱ्या ओळी मी ओळखते गं. दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यात तांड्यातांड्यावर हेच, आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, आणि मागं सांभाळायला कुणी नसलं की लेकरं पण भांड्याकुंड्यांबरोबर ट्रकात.

हेडसर म्हणतात खारीज करून टाक, उपस्थितीची सरासरी बिघडते. दुसरे म्हणतात कशाला डोक्याला ताप, हजर लावून मोकळी हो. माझं ऐक, दोन्ही करायचं नाही. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ११ जणांचा रोज १ किलो १०० ग्रॅम नुसता कागदावर शिजणार आणि खाली सही तुझी. आणि उसाच्या फडातलं लेकरू वर्गात बसलंय असं एकदा लिहिलं की त्याला शोधायला कोण जाणार? गैरहजर आहे तर गैरहजर लाव, शेरा लिही, पण नाव कापायचं नाही. ३० सप्टेंबरला संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, हीच नावं सगळ्यांना पाहिजे होती ना, मग दिवाळीनंतर ती जड कशी झाली?

मी कापलंय, म्हणून एवढं सांगते. १९९८ साल. तिसरीतली पोर होती, पाढे इतके चोख की चौथीच्या पोरांना म्हणून दाखवायची. ती गेली फडावर आणि मी जानेवारीत तिच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं, सतत गैरहजर, नाव कमी. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलात ती परत आली, कडेवर भाऊ, हातावर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा, आणि दारातच उभी राहिली. मी काय म्हणाले माहितीये? "नाव कमी झालंय, वडलांना घेऊन ये, अर्ज द्यावा लागेल." ती काही बोलली नाही. लिंबाखाली बसून राहिली, मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा उठली आणि गेली. वडील आलेच नाहीत, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फिटली नव्हती, ते त्याच्याच दारात बसलेले. तिचं घर शाळेपासून चालत आठ मिनिटं होतं. मी गेले नाही. पुढं पाचसहा वर्षांनी बसस्टँडवर दिसली, लग्न झालेलं, नवऱ्याबरोबर फडावर निघालेली. तिकडं नवराबायको मिळून एक कोयता मोजतात, म्हणजे माझी पाढेवाली पोर अर्धा कोयता झाली होती.

आता तू म्हणशील बाई, तेव्हा कायदा कुठं होता. नव्हताच. दोन वर्गांवर मी एकटी, ६१ पोरं, तपासणी तोंडावर, वरून तोंडी सांगणं की पट स्वच्छ करा, आणि सगळेच करायचे. हे सगळं खरं आहे आणि मी ते स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलेय. पण त्यानंतर रिटायर होईपर्यंत एकही नाव कापलं नाही. नोटीस आली, बैठकीत उभं करून बोलले, हट्टी बाई म्हणाले. म्हणू देत. मी बरोबरच होते आणि आजही तेच म्हणणार.

तुझ्याकडं तर कायदा आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, वर्षात कधीही आलं तरी लेकराला प्रवेश नाकारता येत नाही, दाखला उशिरा आला म्हणून अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागं पडलं असेल तर वेगळं शिकवून वर आणायचं. हे पाठ कर आणि समोरच्याला ऐकव. म्हणून पहिलं काम, प्रत्येक घरच्या मुकादमाचा फोन नंबर, कारखाना कुठला, कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, कुठल्या गावाजवळ पडल्यात. मग त्या गावच्या शाळेत फोन. शिक्षण हमी कार्ड भरून ठेव, ते दाखवून लेकरू तिकडच्या शाळेत बसू शकतं. आणि युडायसमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदीत, कुणी घाईनं लेकरू ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे पटावरून काढलेल्यांच्या यादीत, टाकायला सांगितलं तर आधी मला विचार. जी आजीकडं राहिलीत त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, आणि पुढच्या वर्षी तो दसऱ्याआधी, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून, कारण एकदा ट्रक हलला की मंजुरी घेऊन काय करशील?

दुसरं जे लिहिलंस ना, की शिक्षणसेवकाच्या १६ हजारात तीन वर्षं इथं काढून माझ्या एकटीनं काय बदलणार, त्याचा मला राग आला. पैसा कमी आहे, भांडायलाच पाहिजे त्यासाठी, जोतीरावांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण कमिशनपुढं हेच मांडलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, प्राथमिक शिक्षण १२ वर्षांपर्यंत सक्तीचं करा आणि मास्तराला नीट पगार द्या. पण तुला सगळा जिल्हा कुणी बदलायला सांगितलाय? ११ नावं आहेत. पाठ असतील ना तुला? नसतील तर आज कर.

जेवतेस का वेळेवर? आवाज बसलेला वाटला परवा.

हेडसरांशी भांडू नकोस, त्यांनाही वरून फोन येतात. फक्त म्हण, सर, लेखी द्या. मी म्हणायचे तसं. लेखी कुणी देत नाही, आणि तोपर्यंत नाव कापायचं नाही.

रविवारी तांड्यावर जाऊन नंबर गोळा कर. संध्याकाळी गेलीस तर म्हाताऱ्या घरी असतात. कोल्हापूरकडच्या दोनतीन जुन्या शिक्षकांशी माझी अजून ओळख आहे, कारखान्यांची नावं कळाली की लगेच पाठव, मी फोन लावते.

तुझी,
बाई