हार्ड डिस्क खराब होत असताना विंडोज पुन्हा टाकता येईल का?

टाकता येईल, पण त्याच डिस्कवर टाकू नका. इन्स्टॉलेशन दर वेळी वेगळ्या टक्क्यावर अडकतंय आणि डिस्क टकटक करतेय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दोष विंडोजचा दिसत नाही. फॉरमॅट मारून अशी डिस्क बरी होत नाही, उलट शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर आणखी ताण पडतो.

आत काही महत्त्वाचं असेल तर आधी ते काढा. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स) चालू करा आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या टूलने दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अवघड जागा मागे ठेवतं. आवाज वाढला तर मात्र लगेच बंद करा. डेटा खरंच मोलाचा असेल तर पुढचं काम रिकव्हरीवाल्याचं.

स्मार्ट रिपोर्टही (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. १९७ क्रमांकापुढचा आकडा (वाचता न आलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे) वाढत चालला असेल तर डिस्क गेली समजा. फक्त १९९ (डेटा ने-आण करताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुधा केबलची भानगड असते, पण टकटक केबलमुळे सहसा होत नाही.

नवी एसएसडी लावाल तेव्हा जुनी डिस्क काढून ठेवूनच इन्स्टॉल करा. नाहीतर विंडोज बूट फाइल्स (कॉम्प्युटर सुरू होताना लागणाऱ्या) बऱ्याचदा जुन्याच डिस्कवर टाकून मोकळं होतं.