‘सॉरी म्हण’ने भांडण मिटत नाही

मॅडम, चौथीचा वर्ग म्हणजे मधल्या सुट्टीनंतर मुलांच्या भांडणांच्या तक्रारींची रांग लागणारच. लगेच ‘सॉरी म्हण’ असं फर्मावू नका, ते तोंडदेखलं होतं. आधी दोघांना पाणी पिऊन येऊ द्या, मग एकेकाला बोलू द्या. ‘तू नेहमी असंच करतोस’ऐवजी ‘न विचारता माझी पट्टी घेतलीस, मला राग आला’ असं सांगायला शिकवा. समोरच्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. यात वेळ जातो, जाऊ द्या.

जातीवरून किंवा रंगावरून चिडवलं असेल, तर मात्र ते दोघांचं भांडण समजू नका. तिथे तुम्हीच ठामपणे थांबवा.

आणि छडी विसरा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही बंदी आहे. ‘गाढवा’ म्हणायची सवय असेल, तर तीही सोडा.