लाल रेघेच्या आधी खांबाचा नंबर

ताई, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: देवपुरातल्या मुली संध्याकाळी क्लास सुटल्यावर पायी घरी जातात. त्यांच्यासाठी मोबाईलवर नकाशा करायचा, कोणीही ‘धोकादायक’ म्हणून खूण केली की तो रस्ता लाल व्हावा आणि अ‍ॅपने दुसरा रस्ता सुचवावा. हे काम धुळ्यात व्हायलाच हवं. फक्त सुरुवात लाल रंगापासून करू नका.

आम्ही जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या एका गावी नेमकं हेच केलं होतं. दोन आठवड्यांत एक वस्ती चहूबाजूंनी लाल झाली. खुणा करणाऱ्यांपैकी तिथे कोणीच राहत नव्हतं. मग आम्ही त्या वस्तीतल्या, धुणीभांडी उरकून रात्री आठला परतणाऱ्या बायकांबरोबर चाललो. त्यांच्या गल्लीत ओट्या-ओट्यावर माणसं बसलेली होती. भीती होती ती गल्लीपर्यंत पोचण्याची. एका आजींनी गोदामाच्या लांबलचक भिंतीकडे हात केला, “आठे रातले कोनीच नही ऱ्हास,” म्हणजे इथे रात्री कोणीच नसतं. आमच्या नकाशावर त्या भिंतीपाशी एकही खूण नव्हती. त्या रात्रीच आम्ही लाल थर काढून टाकला. अमेरिकेत २०१४ साली आलेलं स्केचफॅक्टर हे अ‍ॅपही याच मुद्द्यावर टीकेचं धनी झालं होतं. लोकांचे पूर्वग्रह नकाशावर चढले की ते खरे वाटायला लागतात.

म्हणून मत विचारू नका, दिसतं ते विचारा. दिल्लीत २०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिन या अ‍ॅपची पद्धत यासाठी चांगली आहे. उजेड किती, रस्ता मोकळा दिसतो का, घरांच्या-दुकानांच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत का, वर्दळ आहे का, वर्दळीत बायका-मुलं आहेत का, चालायला जागा आहे का, बस-रिक्षा जवळ मिळते का, पोलीस किंवा रखवालदार आहे का आणि शेवटी, इथे कसं वाटतं. हे ‘कसं वाटतं’ जरूर नोंदवा, पण वेगळं ठेवा. पुढे पाहता येतं की भीती वाटते तिथे नेमकं काय कमी आहे.

दिवे, फुटपाथ, रस्त्याची रुंदी या गोष्टी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर टाका. दुसऱ्याने जागेवर जाऊन पडताळता येईल तेच तिथे चालतं, त्यामुळे भीतीच्या नोंदी तुमच्या स्वतःच्या थरात राहू द्या. स्ट्रीटकम्प्लीट हे अ‍ॅप असे साधे प्रश्न विचारतं, कॉलेजच्या मुली अर्ध्या तासात शिकतात. गुगलच्या नकाशावरून काहीही उतरवून घेऊ नका, परवानगी नाही.

प्रत्येक नोंदीला वेळ हवी, यावर माझा फार भर आहे. आठवडे बाजाराच्या दिवशी जो रस्ता रात्री नऊपर्यंत गजबजलेला असतो, तो दुसऱ्या दिवशी सातलाच सुना पडतो. मे महिन्यात दुपारी पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो, तेव्हा म्हाताऱ्या माणसासाठी सुरक्षित रस्ता म्हणजे सावलीचा रस्ता. आणि तेच सावलीचं झाड रात्री नडतं: आमच्याकडे एका कडुलिंबाच्या फांद्यांत दिवा पार बुडाला होता. दिवा चालू, खाली काळोख. दिवसा फिरणाऱ्यांनी तिथे ‘दिवा आहे’ असंच लिहिलं होतं. दिव्याची नोंद महिन्याभराने आपोआप शिळी ठरवा आणि कोणाला तरी पुन्हा बघायला पाठवा.

मुलीचं नाव, घर आणि रोजची परतायची वेळ साठवूच नका. ही माहिती चुकीच्या हाती पडली तर तुमचं साधनच तिच्या मागावर जाईल. एकट्या तक्रारीची खूण लगेच दाखवू नका. तीन-चार वेगळ्या नोंदी जमल्या की दाखवा, तीही दिवसभर थांबून.

रस्ता सुचवण्याचं पुढे बघता येईल. अंधाऱ्या तुकड्याची लांबी हिशेबात दीडपट धरली की तो रस्ता लांबचा ठरतो आणि अ‍ॅप दुसरा निवडतं, पण आपल्या गावात वळसा घालायला रस्ते असतात किती? नदी ओलांडायला ठराविक पूल, हायवे ओलांडायला ठराविक चौफुल्या. मुलीला रोज अर्धा किलोमीटर जास्त चालायला लावण्यापेक्षा तो एक रस्ता दुरुस्त होणं मला मोलाचं वाटतं.

आणि दुरुस्ती होते ती खांबाच्या नंबराने. ‘अमुक रोडवर अंधार आहे’ असे आमचे दोन अर्ज तसेच पडून राहिले. तिसऱ्या अर्जात सात खांबांचे नंबर, प्रत्येकासमोर पाहिल्याची तारीख आणि वेळ लिहिली. पाच दिवे लागले, कडुलिंबाची फांदीही छाटली गेली. तेव्हा फॉर्ममध्ये पहिला रकाना खांबाच्या नंबराचा ठेवा. येत्या आठवड्यात क्लासपासून पुलापर्यंतचा एकच रस्ता घ्या, सायंकाळी साडेसातला पाच-सहा जणी मिळून चाला. नोंदी इथे टाका, मी स्वतः तपासून देते.