विकिपीडियाच्या नव्या संपादकास, छुप्या जाहिरातीविषयी
कोल्हापुरी चपलेच्या लेखात कारागिरी, चामडे कमावण्याची पद्धत आणि २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन यांविषयी अवश्य लिहा. मात्र त्याच परिच्छेदात एखाद्या दुकानाचे नाव ‘सुप्रसिद्ध’ या विशेषणासह हळूच येऊन बसलेले दिसले, तर ते काढण्यापूर्वी लेखाचा इतिहास (आधीच्या बदलांची नोंद) उघडून ते नाव घालणाऱ्या सदस्याने अन्यत्र काय लिहिले आहे तेही पाहा. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो कोणाकडून मिळतो हे जाहीर करणे विकिपीडियावर २०१४ पासून बंधनकारक आहे, आणि २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशा छुप्या लेखनाची ३८१ खाती बंद केली. तरीही थेट आरोप करू नका, कारण महाद्वार रोडवरचा एखादा दुकानदार केवळ नियम ठाऊक नसल्यामुळेही लिहीत असेल. चर्चापानावर त्या सदस्याला नम्रपणे विचारा आणि स्वतंत्र संदर्भ मागा.