एमजीबीचा डॅशबोर्ड आणि वायरिंग सुटसुटीत करायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1966 ची एमजीबी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार आहे, डॅशबोर्डवर आधीच्या मालकांनी मारलेले नऊ जास्तीचे स्विच आहेत, मागे हात घातला की वायरचं भेंडोळंच हातात येतं, म्हणून सगळं उपटून नवीन साधं वायरिंग करायचं आणि लाकडी पट्टीवर स्पीडोमीटर नि दोन-तीन मीटर एवढंच ठेवायचं. पहिल्यांदा एवढंच सांगतो की उपटू नका. मी उपटणारच होतो, मिरजेच्या एका म्हाताऱ्या वायरमन चाचांनी थांबवलं म्हणून वाचलो.

माझी 1965 ची आहे, सांगलीत. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गाडी गॅरेजमध्ये होती आणि पाणी स्टेअरिंगपर्यंत चार दिवस. पाणी उतरल्यावर एका दुकानात नेली, त्याने महिनाभर ठेवून सगळीकडे एकाच लाल रंगाची वायर ओढून दिली. गाडी चालू झाली हो, पण इंडिकेटर लावला की वायपर एकदा हलायचा आणि लाल वायर कुठून कुठे जाते हे त्यालाही सांगता येईना. तेव्हा कळलं की गाडीतल्या वायरी जास्त असल्या तरी चालतं, ओळखता आल्या पाहिजेत.

इंग्लिश गाड्यांचं वायरिंग दिसतं किचकट पण त्याला एक भाषा आहे, ती एका संध्याकाळी शिकता येते. तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, किल्ली बंद असली तरी चालू. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा, पण फ्यूज नसलेला, म्हणजे इग्निशन कॉइल आणि मागचा पेट्रोल पंप. हिरवी म्हणजे किल्लीनंतरचा फ्यूजमधून आलेला, त्यावर वायपर, इंडिकेटर, ब्रेक लाइट, पेट्रोलचा काटा. जांभळी म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून, हॉर्न वगैरे. निळी हेडलाइटची, त्यात निळी-पांढरी अप्पर आणि निळी-लाल डिप्पर. लाल पार्किंगची. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा. काळी अर्थची, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीला जोडणारी. एवढं पाठ झालं की भेंडोळ्यातली जी वायर या रंगात बसत नाही ती बहुतेक नंतर कुणीतरी घातलेली, आणि तुमची साफसफाई तिथेच आहे. माझ्या गाडीत कारखान्याचं लूम, म्हणजे मूळ वायरींचा जुडगा, पुरानंतरही पन्नास-साठ टक्के शाबूत निघालं, त्या लाल वायरीच्या खाली टेप गुंडाळून तसंच ठेवलं होतं पठ्ठ्याने.

तर पहिलं काम, बॅटरी सोडा. या गाडीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात हे माहीत असेलच, कुणी बारा व्होल्टची एक बसवली असली तरी आधी अर्थची वायर काढा. मग एकेक जास्तीचा स्विच घ्या आणि त्याच्या वायरी शेवटपर्यंत हाताने सोडवत जा, कापू नका. मास्किंग टेपचे तुकडे लावून त्यावर बॉलपेनने मराठीत लिहा, मी 'ही बहुतेक फॅन', 'ही देव जाणे' असं लिहिलं होतं आणि 'देव जाणे' वाल्या शेवटी चारच उरल्या. माझ्याकडे काय काय निघालं तर म्युझिकल हॉर्न, फॉग लॅम्प, कॅसेट प्लेअरला तीन ठिकाणाहून करंट, चोरी होऊ नये म्हणून लपवलेला स्विच, आणि एक स्विच असा की त्याच्या दोन्ही वायरी सीटखाली नुसत्याच संपत होत्या.

पूर आला नसेल तरी वायरीची टोकं तपासा. टोकाचं प्लॅस्टिक इंचभर सोला, तांबं लालसर चमकलं तर ठीक, काळंहिरवं असेल तर आणखी मागे सोला. पाणी तारांच्या मधून आत चढत जातं, माझ्या मागच्या दिव्यांच्या वायरी दीड-दोन फूट आतपर्यंत काळ्या होत्या, त्यावर डाग (सोल्डर) धरतच नाही. तेवढ्याच बदला, आणि त्याच रंगाच्या घ्या. दोन रंगी वायर सांगलीत मिळाली नाही तर एकरंगी घेऊन दोन्ही टोकांना पट्ट्याच्या रंगाची स्लीव्ह चढवा, पुढच्या माणसाचे आशीर्वाद लागतील.

आता डॅशबोर्ड. लाकडी पट्टीचा मोह मलाही झाला होता, मिरजेत सतार करणारे इतके कारागीर आहेत की काम देखणं झालं असतं. पण या गाडीचा मूळ डॅशबोर्ड पत्र्याचा, काळ्या सुरकुत्या रंगाचा, आणि मीटरना, त्यातल्या बारक्या बल्बांना अर्थ त्या पत्र्यातूनच मिळतो. लाकूड घातलं की प्रत्येक मीटरला वेगळी काळी वायर द्यावी लागते. मी लाकूड नाही घातलं, मूळ पत्रा नीट गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि ॲल्युमिनियमचं नवीन पॅनल कापून कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंग करून आणलं. बसवलं, किल्ली फिरवली, आणि एकही मीटर उजळेना, उलट इंडिकेटरचा हिरवा दिवा हेडलाइट लावल्यावर मिणमिणायचा. दोन रविवार वायरी तपासण्यात घालवले. चाचा आले, पॅनलच्या मागे नखाने कोटिंग खरवडलं आणि म्हणाले, "इसमें से करंट कैसे जाएगा भाई." पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकच की. मग सगळ्या मीटरच्या मागून एकच काळी वायर माळेसारखी फिरवून बॉडीच्या स्वच्छ पत्र्यावर बोल्टने घट्ट केली, पाच मिनिटांत काम झालं.

पत्र्याचा डॅशबोर्ड बोल्टवर आहे, निघतो, त्यामुळे मूळ वस्तू कापायची गरजच नाही. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांचा जो व्हिंटेज नोंदणीचा नियम 2021 ला आला त्यात चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा बदल नको असं आहे, पुढेमागे ती नोंदणी करायची असेल तर गाडी परत मूळ रूपात आणता आली पाहिजे हे डोक्यात ठेवा.

मीटर कमी करायचे म्हणता, पण या तीन गोष्टींना जपून हात लावा. पहिली, ऑइल प्रेशर आणि पाण्याचं टेंपरेचर दाखवणारं जे जोड मीटर आहे त्यात वायर नसतेच, एका बाजूला इंजिनमधून खरं ऑइल येतं आणि दुसऱ्या बाजूला ईथर भरलेली बारीक तांब्याची नळी. ती नळी वायर समजून कापली किंवा पिळली की मीटर मेलं. दुसरी, आरपीएम मीटर. कॉइलला जाणारी पांढरी वायर त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन जाते, म्हणजे मीटर काढून ती टोकं मोकळी सोडली तर गाडी चालूच होणार नाही आणि तुम्ही कार्बोरेटर खोलत बसाल. तिसरी, डॅशबोर्डच्या मागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर, ती पेट्रोलच्या काट्याला सरासरी दहा व्होल्ट देते. फालतू समजून काढली आणि वायरी थेट जोडल्या, किंवा तिला अर्थ नीट मिळाला नाही, तर टाकी अर्धी असताना काटा जास्त दाखवतो. भर उन्हात पेठ नाक्याला पेट्रोल संपल्यावर ही डबी काय कामाची ते कळतं.

मग काढायचं काय? स्विचमधून जाणारा जड करंट. मूळ गाडीत फ्यूज दोनच, आणि हेडलाइटला तर फ्यूजच नाही, सगळा करंट डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचमधून. साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपियर, आपल्याकडे लोक शंभर-नव्वदचे बल्ब टाकतात म्हणजे सोळाच्या वर, आणि जुना डायनमो धडधाकट असला तरी 22 अँपियरचा. स्विच गरम होतो, बाकीचा एखादा फ्यूज उडला की त्याजागी लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतात, आणि मग आग. दोन रिले (थोड्या करंटने जड करंट चालू-बंद करणाऱ्या डब्या, पायांवर नंबर असतात) बोनेटखाली बसवा, अप्परला एक, डिप्परला एक. बॅटरीकडून 2.5 चौरस मिलिमीटरची वायर फ्यूजमधून रिलेच्या 30 नंबरला, 87 वरून बल्बला, आणि जुनी निळी वायर फक्त 86 ला, 85 अर्थ. माझ्या गाडीत आधी बॅटरीवर 12.4 असताना बल्बवर 10.3 व्होल्ट मिळत होते, नंतर 11.9. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळपास तीस टक्के पडतो, खंबाटकी रात्री उतरताना हा फरक दिसतो.

सगळी वायर, रिले, आठ फ्यूजचा नवीन बॉक्स, थिंबल (वायरीच्या टोकाला लावायचे कान), स्लीव्ह मिळून माझे नऊ हजारांच्या आत गेले, वेळ मात्र चार महिन्यांचे रविवार.

हीटर काढू का असं पण विचारलंय. सांगली-साताऱ्यात हीटर कुणाला लागतोय, पण मी ठेवलाय, कारण मे महिन्यात घाटात इंजिन तापायला लागलं की हीटर फुल लावून काचा खाली करायच्या, थोडी उष्णता तिकडून निघून जाते. आपण शिजतो, हेड गॅस्केट वाचतं.

आणि हो, अल्टरनेटर. मी डायनमो काढून मारुती व्हॅनचा बसवला आणि त्याच भरात डॅशबोर्डवरचा लाल इग्निशनचा दिवा 'कशाला हवा' म्हणून काढून टाकला. साताऱ्याहून येताना कऱ्हाडच्या पुढे दिवे पिवळे पडत गेले आणि मग इंजिनच गप्प. त्या दोन-अडीच वॅटच्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट जातो, बल्ब नाही तर चार्जिंग नाही. तेव्हा त्या ठिकाणी एलईडी पण लावू नका, साधाच बल्ब.

तुमच्या गाडीत अजून डायनमो असेल तर ती बहुतेक मूळच्यासारखी पॉझिटिव्ह अर्थच असणार, म्हणजे बॅटरीचं प्लस बॉडीला, आणि मग मोबाइल चार्जर किंवा नवीन काहीही जोडायच्या आधी वेगळं बोलावं लागेल, अर्थ उलटवायचा झाला तर त्या आरपीएम मीटरच्या आतही बदल करावा लागतो. बोनेट उघडून फ्यूज बॉक्स, त्याच्या शेजारचा कटआउट (डायनमोचं चार्जिंग सांभाळणारी डबी) आणि बॅटरीच्या टर्मिनलचा फोटो टाका, पुढचं त्यावर सांगतो.