वाचकांचे प्रश्न : फेब्रुवारी संपल्यावर काय?

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेत फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना पाळतो. मुलं मार्टिन ल्यूथर किंग यांचं चित्र रंगवतात आणि मार्चमध्ये सगळं विसरतात. वर्षभर काय करता येईल?

उत्तर : कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली फेब्रुवारीतला एक आठवडा ठरवला, तोच मुळी शाळांनी वर्षभर शिकवलेलं त्या वेळी मांडावं म्हणून. त्याचा महिना झाला १९७६ साली. शिकवणंच फेब्रुवारीत सुरू केलं, तर मांडायला हाताशी काहीच नसतं.

मराठी शाळेला तर एप्रिल जास्त सोयीचा. फुले आणि आंबेडकर जयंती तुम्ही करतच असाल. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. ती अर्पणपत्रिका मोठ्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांचं उत्तरही आलं. एका तासाला ही दोन कागदपत्रं पुरेत. पाच थोरांची नावं एकदम सांगितली की एकही लक्षात राहत नाही.

डिसेंबरात अलाबामातल्या माँटगोमेरी शहराचा बस-बहिष्कार घ्या. तिथे बसमध्ये कृष्णवर्णीयांना गोऱ्यांसाठी जागा सोडावी लागे. ‘रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत’ ही गोष्ट कृपा करून सांगू नका. १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली तेव्हा त्या कित्येक वर्षं नागरी हक्कांच्या संघटनेचं काम करत होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनलाही जागा न सोडल्याबद्दल पकडलं होतं, आणि बसमधला भेदभाव ज्या खटल्यामुळे संपला, त्यात ती वादी होती. पार्क्स यांच्या अटकेनंतर कृष्णवर्णीयांनी बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस चालला, आणि तेवढे दिवस लोक एकमेकांच्या मोटारींतून किंवा पायी कामावर जात. मुलांना शहराचा साधा नकाशा, दहा घरं, चार मोटारी द्या आणि सगळ्यांना सकाळी सातपर्यंत कामावर पोचवायला सांगा. वीस मिनिटांत त्यांचे हिशेब कोलमडतात. मग पेट्रोलचे पैसे कुणी द्यायचे, गाडी पोलिसांनी अडवली तर काय, हे प्रश्न तीच विचारतात.

ऑक्टोबरात १९६५ चा स्थलांतर कायदा सांगाच. नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यातच तो झाला, आणि तुमच्यापैकी बऱ्याच घरांचा अमेरिकेचा रस्ता त्यातूनच निघाला.

प्रश्न : फॅन्सी ड्रेसला मुलाला नेल्सन मंडेला करायचंय. तोंडाला काळा रंग लावावा का?

उत्तर : अजिबात नको. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ करत. तो अपमान अजून ताजा आहे. मंडेलांना नक्षीदार, सैलसर शर्ट आणि दोन वाक्यं पुरेशी आहेत. वर्गात गुलामांच्या लिलावाचं नाटकही बसवू नका. मुलं हसतात किंवा हादरतात, आणि वर्गात एखादं कृष्णवर्णीय मूल असलं तर सगळ्या नजरा त्याच्यावर खिळतात.

प्रश्न : १ जानेवारीचा चवळी-भात कसा करतात?

उत्तर : याला हॉपिन जॉन म्हणतात, दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचा, कृष्णवर्णीयांच्या घरी नववर्षाला होणारा पदार्थ. चवळी मूळची आफ्रिकेची, गुलामांच्या व्यापारातून तिकडे गेली. वाटीभर चवळी सहा तास भिजवा. दोन चमचे तेलात एक कांदा, एक भोपळी मिरची, सेलरीचा एक दांडा, तीन लसूण पाकळ्या परता. तमालपत्र, थाइम आणि चवळी घालून वर चार बोटं पाणी ठेवा आणि अर्धा-पाऊण तास मंद शिजवा. मूळ पदार्थात धुरी दिलेलं डुकराचं मांस असतं. शाकाहारींनी धुरकट वासाची पॅप्रिका पाऊण चमचा घालावी. कुकर नको, दोन शिट्ट्यांत चवळीची उसळ होते. दाणा मऊ पण अख्खा झाला की पाणी मोजा, दोन वाट्या ठेवा, वाटीभर लांब दाण्याचा धुतलेला तांदूळ आणि मीठ घाला, झाकून १८ मिनिटं. मध्ये ढवळलं तर गिचका होतो. गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग काट्याने मोकळा करा.