वाचक विचारतात : स्पेनच्या डोंगरगावात घर घ्यायचंय, आधी काय बघू?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही दोघं रिटायर, टिळकवाडीत राहतो. मुलगी स्पेनमध्ये मालागाला आयटीत आहे. मागच्या वर्षी तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं ग्रॅनाडा बाजूच्या डोंगरात आल्पुहारा म्हणून भाग आहे तिकडं नेलं, पांढरी घरं, चढाच्या बोळी, खाली दरी, मन तिथंच अडकलं बघा. आता तिथल्या एका गावात जुनं दुमजली घर 95,000 युरोला मिळतंय, घराखालचा बदामाची झाडं असलेला तुकडा पण त्यातच देतायत. एजंट म्हणतो कागद सगळे ओके, दुसरं गिऱ्हाईक आहे, 3,000 युरो भरून घर अडवून ठेवा. खानापूर रोडचा प्लॉट विकायचा आणि कमी पडलं तर राहत्या घरावर लोन काढायचं असा विचार आहे. आपल्याला तिथं घर घेता येतं का? आणि घेतलं तर वर्षातले सात-आठ महिने तिथं राहता येईल ना?
— एक वाचक दांपत्य, बेळगाव

उत्तर : काका-काकू, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. घर घेता येतं, भारतीय पासपोर्टवर स्पेनमध्ये घर घ्यायला बंदी नाही. पण घर नावावर झालं म्हणून तिथं राहायचा हक्क मिळत नाही, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. व्हिजिट व्हिसावर तुम्हाला कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, आणि हे 90 दिवस फक्त स्पेनचे नाहीत, सगळ्या शेंगेन देशांचे, म्हणजे एका व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांचे मिळून. त्यामुळे सात-आठ महिने राहायचं तर वेगळा रहिवासी व्हिसा लागतो. रिटायर माणसांना जमण्यासारखा त्यातला एक आहे, त्याला तिथं नॉन-लुक्रेटिव्ह म्हणतात, म्हणजे तिथं काम करायचं नाही, आपल्या पैशावर राहायचं. त्यासाठी मुख्य अर्जदाराचं महिन्याला 2,400 युरो आणि जोडीदाराचे आणखी 600 युरो एवढं उत्पन्न किंवा शिल्लक दाखवावी लागते, शिवाय खाजगी आरोग्य विमा. तुमची पेन्शन आणि ठेवी यात बसतात का हे घराच्या आधी बघा. बसत नसेल तर घर वर्षातले सहा महिने कुलूप लावून राहणार, आणि डोंगरातलं जुनं घर बंद राहिलं की काय होतं ते आपल्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या पावसात बंद पडलेली घरं बघितलेल्यांना सांगायला नको.

आता ते 3,000 युरो. आत्ता देऊ नका. दुसरं गिऱ्हाईक असेल तर असू दे. एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो, कमिशन त्याला व्यवहार झाल्यावर मिळतं, त्यामुळे त्याचं 'ओके' हे तुमच्यासाठी ओके नाही. आधी तुमचा स्वतःचा वकील लावा, त्याला तिथं अबोगादो म्हणतात, तो एजंटनं सुचवलेला नको, मुलीच्या ओळखीतून काढा. फी साधारण किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास असते आणि माझ्या मते अख्ख्या व्यवहारात यापेक्षा चांगला खर्च झालेला पैसा दुसरा नाही. बरेच लोक समजतात की तिथं नोतारियोसमोर सही होते म्हणजे सगळं तपासलेलं असणार. नोतारियो सरकारी अधिकाराचा माणूस आहे, तो सह्या, ओळख, पैसे कसे दिले हे सगळं बघतो, पण तो तुमचा वकील नाही, मागचं बांधकाम बेकायदा आहे का हे शोधत तो गावात जाणार नाही. आणि खरेदीपत्र स्पॅनिशमध्ये असतं, ते तुम्हाला समजलंय याची खात्री त्याला करावी लागते म्हणून दुभाषा लागतो. इथं कानडी उतारा वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय आपण सही करत नाही, तिथंही तेवढंच कडक राहा.

पहिला कागद नोता सिंप्ले. हा तिथल्या रजिस्ट्रीचा उतारा, कुणालाही ऑनलाइन मिळतो, दहा-बारा युरोत. मालक कोण, कर्ज आहे का, कोर्टाची जप्ती आहे का, घराचं वर्णन काय, हे त्यात येतं. आल्पुहारातल्या गावांत इथंच पहिली ठेच लागते, कारण पन्नास-साठच्या दशकात तिथली कुटुंबंच्या कुटुंबं कामासाठी बार्सिलोनाकडं गेली आणि घरं आजोबा-पणजोबांच्या नावावरच राहिली. विकणारा गावात राहणारा एक भाऊ असतो आणि नावावर हक्क असलेली पाच भावंडं कुठं कुठं पसरलेली. आपल्या खानापूर तालुक्यात मुंबई-पुण्याला गेलेल्या वारसांच्या सह्या गोळा करताना जे होतं ना, तेच. सगळ्या वारसांची वाटणी रजिस्टर झाल्याशिवाय पैसे हलवू नका. काही घरं तर रजिस्ट्रीत कधी चढलेलीच नसतात.

दुसरा कागद कातास्त्रोचा, म्हणजे कर आकारणीचं दप्तर, त्यात नकाशा असतो. हा आपल्या घरपट्टीच्या उताऱ्यासारखा, म्हणजे यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. पण नोता सिंप्लेतलं क्षेत्रफळ आणि कातास्त्रोतलं क्षेत्रफळ जुळत नसेल, आणि डोंगरगावात ते बऱ्याचदा जुळत नाही, तर वरची खोली नंतर चढवलेली आहे का, परवानगीनं आहे का, हे वकिलानं गावच्या नगरपालिकेत, म्हणजे आयुंतामिएंतोत, जाऊन विचारायचं. तिथंच थकबाकी पण विचारून घ्यायची कारण घरपट्टीची बाकी, तिला इबी म्हणतात, ही घराला चिकटून येते.

आणि तो बदामाचा तुकडा. मला खरी काळजी या तुकड्याची आहे. गावठाणातली जमीन उर्बानो आणि शेतीची रुस्तिको, दोन्हीचे नियम वेगळे, आणि तुमचं घर उर्बानोत असलं तरी खालचा उतार रुस्तिको असणार जवळजवळ नक्की. त्याचा नोता सिंप्ले वेगळा मागा. तो एक हेक्टरपेक्षा लहान असेल, आणि तुम्ही सांगताय त्यावरून असणारच, तर शेजारच्या शेतकऱ्याला कायद्यानं हक्क आहे की विक्री झाल्यावर तेवढीच किंमत देऊन तो तुकडा स्वतः घ्यायचा, त्याला ठराविक दिवसांत हा हक्क बजावता येतो. म्हणून खरेदीपत्रात घराची किंमत आणि तुकड्याची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. तिथं पाटाचं पाणी असतं, अरबांच्या काळापासूनचे पाट आहेत त्या डोंगरात, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि त्या शेतकऱ्यांची मंडळी सांभाळतात, तर तुकड्याबरोबर पाळी येते की नाही हे कागदावर बघा, उन्हाळ्यात पाणी नाही मिळालं तर बदाम कशावर जगणार.

त्या तुकड्यावर पुढं एखादी खोली बांधू असा विचार मनात असेल तर आत्ताच काढून टाका. आन्दालुसियात, म्हणजे ग्रॅनाडा ज्या प्रांतात येतं तिथं, रुस्तिको जमिनीवर हजारो बेकायदा घरं झाली. अल्मेरिया जिल्ह्यात वेरा इथं जानेवारी 2008 मध्ये एका ब्रिटिश वृद्ध जोडप्याचं घर पाडलं गेलं, त्यांच्याकडं नगरपालिकेचा परवाना होता तरी, तो परवानाच पुढं रद्द ठरला. नंतर सरकारनं अशा जुन्या घरांसाठी 'आफो' नावाचा दाखला काढला, त्यामुळे वीज-पाणी घेता येतं पण घर पूर्ण कायदेशीर होत नाही, वाढवता येत नाही. एनए न झालेल्या जमिनीत गुंठ्यानं प्लॉट घेऊन बसलेली माणसं बेळगावभोवती किती आहेत, त्यांची घालमेल मी रोज बघते. हीच घालमेल परक्या देशात, परक्या भाषेत नको.

घर बघायला पुन्हा जाल तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत जा, ऊन असताना सगळीच घरं छान दिसतात. तिथली जुनी घरं डोंगरात घुसवून बांधलेली असतात, मागची भिंत म्हणजे डोंगरच, तर त्या भिंतीला हात लावून ओल बघा, पायाकडचा चुना सुटलाय का बघा. छप्पर सपाट असतं, चेस्टनटच्या तुळया, त्यावर दगडी फरशा आणि वर लाउना नावाची राखाडी-निळसर माती पसरलेली. ती माती ओली झाली की घट्ट होते आणि पाणी आत जाऊ देत नाही, पण वेळोवेळी नवीन माती घालावी लागते आणि हे काम करणारी माणसं आता कमी झालीत, म्हणून काहींनी त्याखाली प्लास्टिक किंवा वर काँक्रीट घातलंय. घर पाम्पानेइरा, बुबिओन किंवा कापिलेइरा या तीन गावांत असेल तर ती 1982 पासून संरक्षित आहेत, बाहेरून काही बदलायचं तर परवानगी लागते, खिडकीसुद्धा. मला हे बंधन चांगलं वाटतं, त्यामुळेच ती गावं तशी राहिलीत, पण रिपेअरीचं बजेट त्या हिशोबानं धरा. आणि काकू, गाडी दारापर्यंत जात नाही हे लक्षात असू द्या, गुडघ्यांचं आत्ताच बघा.

पैशाचं आता. आन्दालुसियात जुन्या घरावर खरेदी कर 7 टक्के, म्हणजे तुमचे 6,650 युरो, वर नोतारियो, रजिस्ट्री, वकील, एकूण किमतीच्या 10 ते 12 टक्के वेगळे ठेवा. इथून पैसे पाठवायचे ते आरबीआयच्या एलआरएस योजनेतून, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, त्यात तुम्ही आरामात बसता. पण या योजनेत अशा खरेदीसाठी बँकेनं कर्ज द्यायचं नाही असा नियमच आहे, त्यामुळे घरावर लोन काढून स्पेनला पाठवायचा बेत सोडून द्या. वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवलं की वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. युरो शंभर रुपये धरून एक कोटी पाच लाख लागले आणि दोघांनी निम्मे निम्मे पाठवले तर प्रत्येकी साडेआठ लाख कापले जातील. रिटर्नमध्ये परत मिळतात, पण त्या वेळी हातात असावे लागतात. आणि दोघांनी पाठवले तर खरेदीपत्रावर दोघांची नावं पाहिजेत. प्लॉट विकून झालेल्या नफ्यावर घर घेतलं म्हणून करात सूट मिळते, ती फक्त भारतातल्या घराला मिळते, स्पेनच्या घराला नाही, तर तो कर पण हिशोबात धरा. सीएला भेटल्याशिवाय प्लॉटचा विसार घेऊ नका.

दोघांचा निए नंबर लागेल, परदेशी माणसाचा ओळख नंबर असतो तो, आपल्या भागासाठीच्या स्पॅनिश कॉन्सुलेटमधून अर्ज करता येतो. कागद तपासून झाले की मग आर्रासचा करार, म्हणजे विसार, साधारण 10 टक्के. तुम्ही मागे फिरलात तर गेला, विकणारा फिरला तर दुप्पट देतो, पण करारात तसं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. विकणारा स्वतः स्पेनचा रहिवासी नसेल तर किमतीचे 3 टक्के तुम्ही कापून तिथल्या कर खात्यात भरायचे, नाही भरले तर ते तुमच्या घरावर बसतात.

माझं मत विचाराल तर घर मुलीच्या नावावर घ्या, ती तिथं राहते, तिला बँक कर्ज पण देईल, तुम्ही तिला भेट म्हणून पैसे देऊ शकता. आन्दालुसियात आईवडिलांनी मुलांना दिलेल्या भेटीवरच्या करात 99 टक्के सूट आहे, पण ते नोतारियोसमोर लेखी केलेलं पाहिजे, नुसतं खात्यावर टाकून चालत नाही. अर्थात ती तिथं राहणार आहे का हे आधी तिला मोकळेपणानं विचारा.

प्रश्न : मॅडम, स्पेनमध्ये 5 लाख युरोचं घर घेतलं की गोल्डन व्हिसा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, मिळतो असं एक कन्सल्टंट सांगतोय, आणि परदेशी लोकांवर 100 टक्के टॅक्स लागणार असं पण ऐकलं. खरं काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : दादा, तो व्हिसा 3 एप्रिल 2025 पासून बंद झालाय. आजही तो विकणाऱ्याला एक रुपया देऊ नका, दिला असेल तर लेखी परत मागा. 100 टक्के कराचं म्हणाल तर जानेवारी 2025 मध्ये तिथले पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी तसा प्रस्ताव मांडला, युरोपियन युनियनबाहेरच्या आणि तिथं न राहणाऱ्या लोकांसाठी. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, पण विसार देण्याआधी त्या दिवशीची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या.

प्रश्न : ताई, भावानं स्पेनमध्ये घर घेतलंय, बंदच असतं, भाड्यानं दिलेलं नाही, मग कर कसला? तो म्हणतो इथं पण दाखवायची गरज नाही.
— एक भगिनी, खानापूर

उत्तर : दोन्ही ठिकाणी त्याचं चुकतंय. स्पेनमध्ये न राहणाऱ्या मालकाचं घर रिकामं असलं तरी कातास्त्रोतल्या किमतीच्या 1.1 किंवा 2 टक्के एवढं उत्पन्न धरतात आणि युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला त्यावर 24 टक्के कर, दरवर्षी, मोदेलो 210 फॉर्मवर. इबी वेगळी. रक्कम लहान असते पण वर्षानुवर्षं साठली की विकताना अंगावर येते. आणि भाऊ भारतात रहिवासी असेल तर इथल्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते घर दाखवावंच लागतं, उत्पन्न असो नसो. 2015 च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली न दाखवल्याचा दंड 10 लाख रुपये आहे. मागच्या वर्षीचं रिटर्न सुधारायची मुदत अजून आहे का हे याच आठवड्यात सीएला विचारायला सांगा, खरेदीपत्र आणि पैसे पाठवल्याच्या बँकेच्या पावत्या घेऊनच जा म्हणावं.